पाचवे कारण

टेबलावरून पडलेला किंवा पुराच्या पाण्यात गेलेला संगणक सुरू होईनासा झाला की घरात दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. काय बिघडले, हा एक. आमच्याच वाट्याला हे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळवायला वेळ, पेचकस आणि धीर लागतो. दुसऱ्याचे उत्तर तयारच असते: नशीब, साडेसाती, कुणाची तरी नजर, घरात नुकत्याच आलेल्या माणसाचा पायगुण. माझे म्हणणे असे आहे की पहिला प्रश्न पुरता सोडवण्याआधी दुसऱ्याचे उत्तर देऊन टाकण्याची मुभा आपल्या कोणत्याही जाणत्या धर्मविचाराने आपल्याला दिलेली नाही. ही घाई श्रद्धेतून येते असे समजले जाते. प्रत्यक्षात ती श्रद्धेच्याच मुळावर येते, आणि तिची किंमत बहुधा भलत्याच माणसाला मोजावी लागते.

आधी यंत्राकडे नीट पाहू, कारण पुढचे सगळे त्याच्यावर उभे आहे. बाजारात जिला सरसकट ‘सीपीयू’ म्हणतात ती पेटी, म्हणजे कॅबिनेट, दोन-अडीच फुटांवरून खाली आली. बटण दाबल्यावर पंखा फिरतो, पण डिस्प्ले येत नाही. पाहणारा म्हणतो, गेला. हा निष्कर्ष दोन बाजूंनी कच्चा आहे. पडद्यावर काही दिसत नाही एवढ्यावरून आत काही चालू नाही असे ठरत नाही. कुमारिल भट्टांच्या मीमांसेत अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे ज्ञानाचे स्वतंत्र साधन मानले आहे, पण एका कडक अटीवर: ती वस्तू असती तर इथे दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. ग्राफिक्स कार्ड खाचेतून अर्धे वर आले असेल किंवा मॉनिटरची केबल सैल झाली असेल तर यंत्र आतून पूर्ण जागे असूनही पडदा काळाच राहील. अट पुरी झालेली नाही, म्हणून निष्कर्षही नाही. दुसरी बाजू कारणाची. पडला आणि मग बंद पडला, म्हणून पडल्यामुळेच बंद पडला, हे कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडण्यासारखे असू शकते. विरारजवळच्या आगाशी-अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरच्या दमट, खारट हवेत रॅमच्या सोनेरी संपर्कपट्ट्यांवर थर धरतो, मदरबोर्डवरचे कपॅसिटर वयाने फुगतात, तीन व्होल्टचा सीमॉस सेल उतरतो. यंत्र पडण्यापूर्वीच शेवटच्या टप्प्यावर आलेले असेल, आणि धक्क्याने फक्त तारीख ठरवली असेल.

म्हणून जाणता दुरुस्तीकार निष्कर्षापासून सुरुवात करत नाही. तो प्लग काढतो आणि थोडा थांबतो, कारण एसएमपीएसमधल्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यातल्या, कपॅसिटरांत वीज साठून राहते. झाकण उघडून आधी हात न लावता पाहतो: हीट सिंक एका बाजूने सुटला आहे का, निसटलेला स्क्रू मदरबोर्डखाली जाऊन शॉर्ट करतो आहे का, हार्डडिस्कची केबल हलली आहे का. मग हार्डडिस्क, वेगळे ग्राफिक्स कार्ड, जास्तीची रॅम सगळे बाजूला काढतो. प्रोसेसर, एक रॅम आणि वीजपुरवठा एवढ्यावर यंत्र उठते का ते बघतो. रॅम खोडरबरने घासून, पुसून पुन्हा बसवतो. एसएमपीएसची हिरवी तार काळ्या तारेला जोडून तो एकटाच चालवून पाहतो आणि मल्टिमीटर लावतो. बारा व्होल्टची लाइन ११.४ आणि १२.६ यांच्या दरम्यान असावी लागते. यंत्र उठले तर काढलेले भाग परत जोडतो, पण एका वेळी एकच. ज्याच्या येण्याने यंत्र बंद पडते आणि जाण्याने सुरू होते त्याच्यावर संशय, आणि तोच भाग दुसऱ्या धड यंत्रात लावल्यावर तिथेही तेच घडले तर खात्री. नैयायिकांनी यालाच अन्वय-व्यतिरेक म्हटले आहे: कारण असताना कार्य आहे आणि कारण नसताना कार्य नाही, हे दोन्ही तपासणे. अर्ध्यावर थांबले की चूक कशी होते तेही इथे स्वच्छ दिसते. नवी रॅम लावली आणि यंत्र सुरू झाले, एवढ्याने जुनी रॅम खराब ठरत नाही. कदाचित ती नुसती सैल झाली होती. तिला परत बसवून पाहिल्याशिवाय तिच्यावर दोष ठेवता येत नाही. एका भागाच्या बाबतीत आपण एवढी न्यायबुद्धी बाळगतो, हे पुढे माणसांकडे वळताना लक्षात ठेवायचे आहे.

पुराचे उदाहरण याहून बोलके आहे. जुलै २०१८ च्या दुसऱ्या आठवड्यात वसई-विरारमध्ये असा पाऊस झाला की नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या आणि तालुक्याच्या मोठ्या भागातला वीजपुरवठा बंद ठेवावा लागला. अशा वेळी तळमजल्यावर टेबलाखाली जमिनीवर ठेवलेले कॅबिनेट सगळ्यांत आधी बुडते. आता दोन शेजारच्या घरांची कल्पना करा. पाणी तेच, उंची तीच. एका घरात ओसरल्यावर यंत्र उघडले गेले, सीमॉस सेल काढला गेला, कारण प्लग काढला तरी तो बोर्डाच्या काही भागाला वीज पुरवत असतो. गाळ आणि मीठ स्वच्छ पाण्याने, मग अल्कोहोलने धुऊन काढले गेले, आणि बरेच दिवस वाळवल्यावरच वीज जोडली गेली. दुसऱ्या घरात वीज आल्या आल्या, चालते का बघू, म्हणून बटण दाबले गेले. वीज नसलेल्या बोर्डावर पाणी येणे ही दुखापत असते, आणि ती पुष्कळदा भरून निघते. खारट ओल असलेल्या बोर्डातून वीज वाहू लागली की तांबे विरघळू लागते, दोन जवळच्या रेषांमध्ये धातूचे सूक्ष्म पूल तयार होतात, आणि जे वाचू शकले असते ते बघता बघता संपते. दोन्ही घरे नंतर एकच वाक्य बोलतील: पुरात संगणक गेला, दैवापुढे इलाज नाही. दुसऱ्या घराच्या बाबतीत ते वाक्य खोटे आहे. तिथे पाऊस होता, पाणी होते, आणि एक हातही होता. दैव या शब्दाने तो हात झाकला जातो, आणि पुढच्या पुरातही तो तसाच बटणाकडे जातो.

आपल्या शास्त्रकारांना हा धोका माहीत होता. मीमांसकांचा दंडक असा की दिसणाऱ्या कारणाने किंवा प्रयोजनाने काम भागत असेल तर न दिसणाऱ्याची कल्पना करू नये. यज्ञासाठी भात कांडायला सांगितले आहे. का? कांडल्याने कोंडा निघतो म्हणून. तिथे गूढ पुण्य शोधत बसण्याचे कारण नाही. मात्र कोंडा नखांनीही काढता येतो, तरी कांडूनच काढा असा नियम का, एवढ्या उरलेल्या भागापुरतेच ते अदृष्ट मानतात. श्रुतीवर ज्यांची निष्ठा संपूर्ण होती त्या माणसांची ही काटकसर आहे. वैशेषिकांनी तर अदृष्टाला कोणत्या ठिकाणी जागा द्यायची याची उदाहरणेच दिली. लोहचुंबकाकडे सुई सरकते ती अदृष्टामुळे, असे कणादांच्या सूत्रांत आहे. त्या काळी चुंबकत्व समजावून सांगणारे दृष्ट कारण कुणाकडेच नव्हते, म्हणून ती जागा त्यांनी प्रामाणिकपणे कोरी ठेवून तिला नाव दिले. आज त्याच चुंबकाच्या बळावर हार्डडिस्कमधला हात मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवरून इकडून तिकडे नेमका नेला जातो. अदृष्टाची हद्द मागे हटली, आणि वैशेषिक दर्शन त्यामुळे खोटे पडले नाही. दिसणारे कारण सापडेपर्यंतच ती जागा अदृष्टाची होती.

आगाशीचा परिसर या प्रश्नासाठी मला फार मोलाचा वाटतो. संकटे या गावाला नवी नाहीत. सोळाव्या शतकात इथे जहाजे बांधली जात, आणि त्याच शतकात पोर्तुगीजांनी हे बंदर लुटले. गावात भवानीशंकराचे देऊळ आहे, विसावे तीर्थंकर मुनिसुव्रतस्वामींचे जैन तीर्थ आहे, शेजारी नंदाखालसारखी ख्रिस्ती गावे आहेत, आणि काही किलोमीटरवर सोपाऱ्याचा बौद्ध स्तूप, जो १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी उकरला. चार परंपरा, आणि चौघींना ‘हे का घडले’ हा प्रश्न विचारला गेलेला आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, निरनिराळ्या चेष्टा, आणि पाचवे दैव. पडलेल्या संगणकाला ती जशीच्या तशी लागू पडतात. डुगडुगणारे टेबल, धक्का देणारा, ताणून लावलेली वायर, त्या क्षणीची ओढाताण, आणि मग दैव. लगेच पुढे गीता हेही सांगते की जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही; म्हणजे सगळा दोष धक्का देणाऱ्या एका पोरावर टाकणेही गीतेला मान्य होणार नाही. जैन आचार्य सिद्धसेन दिवाकरांनी काल, स्वभाव, नियती, पूर्वकर्म आणि पुरुषार्थ अशी पाच कारणे घेतली आणि म्हटले की यांतले कोणतेही एकटे धरले तर ती मिथ्या दृष्टी. एकत्र धरली तरच सम्यक्. बौद्धांच्या संयुत्त निकायात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो, माणूस जे जे सुखदुःख भोगतो ते सगळे पूर्वकर्माचे फळ, असे काही जण म्हणतात, ते खरे का? बुद्ध नाही म्हणतात. पित्त, कफ, वात, त्यांचा संयोग, ऋतुबदल, निष्काळजी वागणूक, बाहेरून झालेला आघात, आणि आठवे कर्मविपाक, अशी ते यादी देतात आणि म्हणतात की यांतली कारणे लोकांना स्वतःच्या अनुभवाने कळण्यासारखी आहेत. आणि लूकच्या शुभवर्तमानात शिलोह येथील बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख आहे. ते इतर यरुशलेमकरांपेक्षा अधिक पापी होते असे तुम्हाला वाटते का, असे येशू विचारतात, आणि नाही असे उत्तरही स्वतःच देतात. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले, तेव्हा हा प्रसंग वसईच्या वाचकाला त्याच्या मराठीत नव्याने मिळाला.

यादीतल्या क्रमाला मी अवाजवी वजन देत नाही. दैव पाचवे आले म्हणून ते कमी प्रतीचे, असा अर्थ कुणी काढू नये. काही भाष्यकार उलटही म्हणू शकतील. माझा भर याद्या आहेत यावरच आहे. एकाच कारणाने सगळे उरकायचे असते तर यादी करण्याची गरजच नव्हती. ज्याला यादी मान्य आहे त्याच्यावर ती तपासण्याची जबाबदारी येते.

न्याय जाणणारा एखादा विद्वान इथे हरकत घेईल, आणि ती हरकत भक्कम आहे. नैयायिकांच्या मते ईश्वर, काल, दिशा यांच्याप्रमाणे अदृष्ट हेही प्रत्येक कार्याचे साधारण कारण आहे. कोणतीही घटना घ्या, तिच्यामागे ते आहेच. मग संगणक बंद पडण्यामागे प्रारब्ध आहे असे म्हणणाऱ्याचे काय चुकले? चुकले असे नाही. पण त्याने काही सांगितलेही नाही. जे सगळ्याच कार्यांना सारखे कारण आहे ते एका कार्याला दुसऱ्यापासून वेगळे करू शकत नाही. डावीकडची रॅम शाबूत राहिली आणि उजवीकडची गेली, या फरकाचे कारण दोन्हीकडे सारख्याच असलेल्या गोष्टीत मिळणे शक्य नाही. म्हणून तर नैयायिकांनी साधारण आणि असाधारण असा भेद केला, आणि चर्चेत ‘याचे कारण काय’ असे विचारले की असाधारण कारणच सांगावे अशी अपेक्षा ठेवली. साधारण कारणाची श्रद्धा मनात ठेवून असाधारण कारणाचा शोध घेणे यात कसलाही विरोध नाही. दसऱ्याला संगणकाला हळदकुंकू वाहून झेंडूचा हार घालणारा आणि दुसऱ्या दिवशी त्याच संगणकाच्या एसएमपीएसला मल्टिमीटर लावणारा माणूस दुटप्पी नाही. त्याच्याकडे दोन प्रश्न आहेत आणि दोन्हींना तो योग्य जागी ठेवतो.

दुसरी हरकत अधिक मानवी आहे: यंत्राचे भाग बदलून पाहता येतात, आयुष्याचे येत नाहीत. मूल दगावले, धंदा बुडाला, तर कोणते कारण काढून परत लावून बघणार? ही मर्यादा खरी आहे आणि ती मला मान्य आहे. पण तिच्यातून निष्कर्ष उलटा निघतो. जिथे पडताळा घेता येतो तिथेही आपण अर्ध्या तपासणीवर दोष ठेवत नाही. मग जिथे पडताळाच घेता येत नाही तिथे दोष ठेवताना हात किती आखडता घ्यायला हवा! होते ते नेमके उलटे. रॅमला मिळणारा न्याय सुनेला मिळत नाही. ती घरात आली आणि त्याच महिन्यात सासऱ्याला काही झाले की ती पांढऱ्या पायाची ठरते. अन्वयाचा एक धागा, तोही एकाच प्रसंगाचा, आणि व्यतिरेकाचा विचार शून्य: तिच्याशिवाय हे घडलेच नसते का, ती असताना बाकीचे सगळे नीट चालले त्याचे काय, हे विचारायला कुणी थांबत नाही. तर्काची ही चूक मला केवळ तर्काची वाटत नाही. तिच्याखाली माणसे जन्मभर चिरडली गेली आहेत. शिवाय आयुष्यातही व्यतिरेक अगदीच अशक्य नसतो. आपल्या घरात एकच प्रसंग घडतो, पण गावात तसे अनेक घडतात, आणि ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले की पायगुणाला आधार उरत नाही.

तिसरी हरकत सांत्वनाची. ज्याच्या हार्डडिस्कमध्ये गेलेल्या आईचे एकमेव फोटो होते त्याला कारणांची यादी नको असते. ‘लिहिलेलेच होते’ या शब्दांनी त्याला उभे राहता येते. हे मी हलके धरत नाही. दुःखात कुणी दैवाचे नाव घेतले तर त्याला अडवणारा मी कोण? पण एक फरक पाहावा. दैवाचे नाव शोक करणाऱ्याने स्वतः घेणे वेगळे, आणि भोवतालच्यांनी त्याच्या हाती देणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात सांत्वनाला फार लवकर आरोपाची धार येते: पूर्वजन्मी काही केले असेल, कुणाचे तळतळाट असतील, व्रत मोडले असेल. बुद्धांनी सीवकाला आणि येशूंनी शिलोहबद्दल जे सांगितले त्यात मोठी करुणा आहे, कारण त्या उत्तरांनी पीडितावरचा आरोप उतरतो. शिवाय घाईचे सांत्वन पुष्कळदा वाचवता येण्यासारखे जे असते तेही घालवते. धक्का बसलेल्या हार्डडिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर तिला पुन्हा वीज देऊ नये. तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगणारे हेड प्रत्येक प्रयत्नात तबकडीचा थर खरवडत असते. ती तशीच बंद ठेवून धूळमुक्त खोलीत काम करणाऱ्या डेटा रिकव्हरीवाल्याकडे पोहोचवली तर फोटो परत मिळण्याची शक्यता उरते. गेलेच, असे मानून कोपऱ्यात टाकून दिलेल्या डिस्कच्या बाबतीत ती शक्यता कुणी तपासतच नाही.

एवढे सगळे झाल्यावर काही उरते का? माझ्या मते उरते, आणि ते नाकारण्याचा आग्रह मला पटत नाही. एकाच खेपेतल्या दोन डिस्क, एकच उंची, एकच फरशी. एक जगते, दुसरीच्या तबकडीला ओरखडा जातो. आघाताचा कोन, हेड त्या क्षणी कुठे होते, अशी कारणे होतीच, पण ती आता कुणालाही मोजता येणार नाहीत. शेवटच्या तपासणीनंतर उरलेल्या या शिलकीला दैव म्हणायला माझी हरकत नाही. ते आपल्या ज्ञानाच्या काठाचे नाव आहे, आणि काठ मान्य करण्यात नम्रता आहे. टिळकांनी ‘गीतारहस्या’त कर्मविपाकाबरोबर आत्मस्वातंत्र्याचा विचार एकाच प्रकरणात केला, तो मला या संदर्भात महत्त्वाचा वाटतो. कर्माची साखळी मानूनही प्रयत्नाची जागा शिल्लक राहते, हे त्यांना दाखवायचे होते. मंडालेच्या तुरुंगात तो ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाला दैवाला शरण जाण्याची निमित्ते काही कमी नव्हती.

आणि हा प्रश्न एका पेटीपुरता राहत नाही. २०१८ च्या पुरानंतर वसई-विरार महापालिकेने पुराच्या कारणांचा अभ्यास ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेकडे आणि मुंबईच्या आयआयटीकडे सोपवला. म्हणजे शहरानेही, निदान कागदावर, अन्वय-व्यतिरेकाची वाट धरली. पाऊस तर पूर्वीही पडत होता. मग पाणी आता इतके दिवस का थांबते? पाण्याच्या जुन्या वाटांवर कुठे भराव पडला, खाडीकडे जाणारे नाले कुठे अरुंद झाले, पुलाखालच्या मोऱ्या पुरेशा आहेत का, भरतीच्या वेळी पाणी कुठे अडते: ही सगळी दृष्ट कारणे आहेत, आणि त्यांतले प्रत्येक वेगळे करून तपासता येण्यासारखे आहे. आगाशीत, नालासोपाऱ्यात, विरारमध्ये ज्यांची घरे तळमजल्यावर आहेत त्यांनी कॅबिनेट जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवावे, हे खरेच. पण नाल्याचा प्रश्न विचारला की ‘एवढा पाऊस म्हणजे निसर्गाचा कोप’ असे उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याला आणि पुढाऱ्यालाही त्याच कसोटीला लावावे. आधीची चार कारणे तपासून झाली का, तो अहवाल कुठे आहे, आणि त्यातले काय केले, हे त्याला विचारावे. दैवाचा उच्चार त्याने त्यानंतर करावा.